स्टुलावरचा एम

गेली अकरा वर्षं दर गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता चप्पल काढून मधली एका लाकडी स्टुलावर चढायची, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरायची, आणि तिथून पुढचा तासभर ती मधली नसायची. ती एम असायची.

स्टूल होतं कपड्यांच्या कारखान्याच्या नमुना-खोलीत. कारखाना तसा बेताचाच. मागे चाळीस मशिनं आणि चाळीस बायका, मधे कापायचं लांबलचक टेबल, पुढे रस्त्याकडे तोंड केलेलं मालकीणबाईंचं दुकान. अकरा वर्षांपूर्वी बाईंना एमचे कपडे बेतायला एक जिवंत एम हवी होती. मास्तरांनी, म्हणजे कापणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी, चाळीसही बायकांना टेप लावली आणि पॅकिंगला बसणाऱ्या मधलीपाशी येऊन थबकले. छाती छत्तीस, कंबर तीस, सीट अडतीस. भिंतीवरच्या तक्त्यात एमपुढे हेच तीन आकडे होते. इंचाचाही फरक नाही. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही आजवर होतात कुठे?"

मधली तेव्हा इतकी लाजली, की पुढच्या आठवड्यात तिनं चार खोक्यांना चुकीची लेबलं लावली.

लाजण्यासारखंच होतं ते. तीन बहिणींतली ती मधली. थोरलीला नवे कपडे, धाकटीला लाड, आणि मधलीला थोरलीचे उतरलेले झगे. थोरली अंगानं दणकट, त्यामुळे मधलीचं सगळं बालपण आत दुमडून टाके घातलेल्या बाह्यांमध्ये गेलं. "वाढत्या अंगाला असू दे जरा सैल," असं आई म्हणायची. अंग मात्र काही वाढलं नाही, आणि सैल ते सैलच राहिलं. अशा बाईच्या अंगावर कुणीतरी कोरं कापड धरतं, टाचण्या लावतं, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघतं, आणि मग तसेच शेकडो कपडे बेतले जातात. आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्या मापाचे कपडे घालत होते. ते स्टूल ती कुणाला देणार होती थोडीच!

पुढे भिंतीवरच्या तक्त्यावर चहा सांडला, मग तो फाटला, मग हरवला. मास्तर म्हणाले, "तक्ता समोर उभा आहे, कागद कशाला?" तेव्हापासून टेप फक्त गळ्यात राहिली. कापड मधलीच्या अंगावर धरायचं, टाचण्या लावायच्या. ती एम. तिच्याहून दोन इंच कमी तो एस, दोन इंच जास्त तो एल. टाचणी लावताना मास्तर दर वेळी विचारायचे, "टोचत नाही ना?" मधली दर वेळी म्हणायची, "नाही." टोचायचं, पण एम कुरकुर करत नाही, असा तिनं आपला नियम करून घेतला होता.

आणि अकरा वर्षांत ती रतीभरही बदलली नाही. पुरावा होता ना! दर गुरुवारी एम अंगात घालायचा आणि तो असा चपखल बसायचा, की बास. मशिनवरच्या बायका विचारायच्या, "अगं, तू करतेस तरी काय?" मधली मान किंचित तिरकी करून म्हणायची, "काही नाही गं. जेवणानंतर गरम पाणी." त्या एका वाक्यावर चाळीस घरांत पाणी तापू लागलं. गंमत म्हणजे पाणी पिणाऱ्याही बदलल्या नाहीत. बाईंच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई अकरा वर्षांपूर्वी एम होती आणि आजही एमच होती. दुसऱ्या दुकानांत जाऊन आलेल्या सांगायच्या, तिथले एम काहीतरी भलतेच असतात, बाहुल्यांना घालायचे. सगळ्या परत इथेच यायच्या. बाई खूश, बायका खूश. आता यात खोट काढणारा कुणी असला, तर त्याच्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे असं वाटावं, इतकं सगळं छान चाललं होतं.

तरी गेल्या वर्षी काम आटलं. कारखाना आठवड्यातून चारच दिवस चालू लागला. आणि अशातच त्या सोमवारी बाई हातात कागद फडकवत मागे धावत आल्या. एका मोठ्या दुकानाला तीन हजार ड्रेस हवे होते. निळे, लांब बाह्यांचे, कमरेत बसणारे. गुरुवारी त्यांची तपासनीस येणार. एमचा नमुना जिवंत माणसाच्या अंगावर बघणार, पसंत पडला तर वर्षभराचं काम.

"सोबत त्यांचा मापांचा तक्ता आहे," बाई म्हणाल्या, "पण आपल्याला काय करायचाय? आपला एम एकदम चोख!" आणि सगळ्यांनी मधलीकडे अशा डोळ्यांनी पाहिलं, की तिला स्टूल नसतानाही उंच झाल्यासारखं वाटलं. तक्ता घडी करून मास्तरांच्या टेबलावर ठेवला गेला. मास्तरांनी तो उघडला, बघितला आणि पुन्हा त्याची घडी केली. मग ते कात्रीला धार लावायला बसले.

मंगळवारी पार्सल आलं. धाकटी बरीच वर्षं लांबच्या शहरात राहायची, फोनवर बोलायची, पण भेट नव्हती. तिनं हिरवा ड्रेस पाठवला होता. आत चिठ्ठी: "ताई, तुझं माप काय विचारायचं? एम!"

जेवणाच्या सुट्टीत मधलीनं नमुना-खोलीचं दार लोटलं आणि ड्रेस डोक्यातून घातला. हात गेले, डोकं गेलं, खांद्यांपर्यंत आला आणि घोडं अडलं. तिनं ओढला. ड्रेसनं तिला ओढलं. वर जाईना, खाली येईना. दोन्ही हात छताकडे, तोंडावर हिरवं कापड, आणि ती खोलीत गोल गोल फिरत्येय.

दार उघडलं. मास्तर डबा घेऊन आले होते.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"एम!" हिरव्या कापडातून आवाज आला.

मास्तरांनी डबा ठेवला. भला माणूस. डोळे मिटून पुढे आले आणि म्हणाले, "हलू नका." चाचपडत त्यांनी पाठीवरची चेन शोधली. ती लावलेलीच राहिली होती हेही एक झालं, पण चेन उघडूनही ड्रेस सुटेना. शेवटी मास्तरांनी एका बाजूची शिवण उसवली आणि मधली बाहेर आली, लालबुंद, केस उभे.

"खोटं माप!" ती कडाडली. "याला एम म्हणतात? फसवलं हो माझ्या बहिणीला! मी पत्र लिहिणार त्या दुकानाला. टेप द्या इकडे."

टेप ओढून घेऊन तिनं ड्रेस मोजला. छत्तीसच्या बाईला सुटसुटीत बसेल, तेवढा तो बरोब्बर होता. तिनं पुन्हा मोजला. ड्रेस काही ऐकेना.

"मास्तर," ती म्हणाली, "मला मोजा."

मास्तरांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "जेवून घेऊ आधी."

"मास्तर, मोजा."

अकरा वर्षांनी टेप मधलीच्या अंगाला लागली. मास्तरांनी मोजलं आणि एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तशा आवाजात आकडे सांगितले. छाती एक्केचाळीस. कंबर छत्तीस. सीट त्रेचाळीस.

मधली खुर्चीत बसली. पूर्वी छातीला होता तो आकडा आता कमरेला आला होता. मोठ्या दुकानाच्या तक्त्यातही एमपुढे तेच छत्तीस, तीस, अडतीस होते; त्यात बघितलं, तर ती एम सोडाच, एल सोडाच, एक्सएलच्याही एक पाऊल पुढे गेली होती. म्हणजे ती वाढत होती, तिच्याबरोबर एम वाढत होता, आणि एमबरोबर सगळ्या बायका खुशाल वाढत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सहा-सात वर्षं झाली असतील."

"आणि ताकास तूर लागू दिली नाहीत!"

"काय सांगायचं, बाई? कपडे बसत होते. कुणी परत आणत नव्हतं. तुम्ही स्टुलावर इतक्या आनंदानं उभ्या राहायचात. एखादी टाचणी आणखी पुढे लावायची, त्यात माझं काय जात होतं?" मग हळूच म्हणाले, "मी आज गुपचूप तक्त्याप्रमाणे कापणार होतो. पण तो ड्रेस तुमच्या अंगात जाणार नाही, आणि ते तुम्हाला गुरुवारी सगळ्यांसमोर कळेल. म्हणून हात चालेना. आणि जुन्या मापानं कापला, तर काम जाईल. सोमवारपासून नुसता कात्रीला धार लावतोय."

मधलीला रडू आलं. खरंखुरं, नाक लाल करणारं. वजनाचं तिला एवढं वाईट वाटलं नाही, वाटलं ते स्टुलाचं. ते गेलं, की ती पुन्हा नुसती मधली. पण बाहेर चाळीस मशिनं होती आणि त्यांतली निम्मी झाकलेली होती. तिनं नाक पुसलं.

"तक्त्याप्रमाणे कापा," ती म्हणाली.

आता इथे कुणाला वाटेल, की बाई केवढी शहाणी. छे! तिच्या मनात अजून दोन दिवस शिल्लक होते. बुधवारी ती सकाळपासून गरम पाणी प्यायली, कारखान्याचा जिना अठरा वेळा चढली-उतरली, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता कापडाच्या गठ्ठ्यांवर पोट दाबून पडून राहिली. काज करणारी बाई, जिला सगळ्या काजवाली म्हणायच्या आणि जिच्या तोंडाला कात्रीसारखी धार होती, तिनं विचारलं, "काय गं, अंडी उबवतेस का?" संध्याकाळी मधलीनं स्वतःला मोजलं. कंबर साडेछत्तीस. पाण्यानं फुगली होती.

गुरुवारी साडेदहाला तपासनीसबाई आल्या. उंच, गंभीर, हातात फाइल. सगळा कारखाना नमुना-खोलीच्या दारात गोळा झाला. टेबलावर मास्तरांनी कापलेला निळा ड्रेस पसरला होता. तपासनीसबाईंनी तो आडवा-उभा मोजला, शिवणी उलट्या करून बघितल्या आणि चक्क मान डोलावली. मालकीणबाईंचा चेहरा उजळला.

"माप अचूक. आता अंगावर दाखवा. तुमची एम कोण?"

चाळीस माना मधलीकडे वळल्या. कुणीतरी तिला मागून प्रेमानं ढकललंसुद्धा. स्टूल दोन पावलांवर होतं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

मधली स्टुलाशी गेली, पण चढली नाही. तिनं त्याच्यावर हात ठेवला.

"एम नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे मी होते. आता मी एक्केचाळीस, छत्तीस, त्रेचाळीस आहे. हा ड्रेस माझ्या कोपराच्या वर जाणार नाही. आणि बाई, आपला एमही एम राहिलेला नाही. अकरा वर्षं तो माझ्याबरोबर वाढला. मला माहीत नव्हतं. मला खरंच वाटायचं, मी तेवढीच आहे."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि तिथे टाचण्यांना काही तोटा नव्हता.

मग काजवालीचा आवाज आला. "थांब थांब. तू एम नाहीस, तर मग मी कोण?"

"आणि मी?"

"म्हणजे माझं गरम पाणी फुकट गेलं?"

"अगं, नवऱ्याला मी रोज ऐकवते, की बघ, लग्नात होते तशीच आहे!"

एकच कल्ला झाला. मालकीणबाई खुर्चीत बसल्या, कारण त्याही एमच होत्या. तपासनीसबाईंनी फाइल मिटली. "माफ करा. जिवंत माणसाच्या अंगावर बघितल्याशिवाय मला सही करता येत नाही. दुसरं कुणी आहे का या मापाचं?"

"माप कुणाला माहीत आहे इथे?" मधली म्हणाली. आता बोललीच होती, तर भीड चेपली होती. "आम्हाला फक्त अक्षर माहीत. तुमचं काय आहे, ताई?"

"माझं? एम," तपासनीसबाई म्हणाल्या.

"अक्षर नको. इंच सांगा."

तपासनीसबाई आपल्या फाइलमधला तक्ता चाळू लागल्या. त्या आल्यापासून मधली बघत होती, बिचारी दर दोन मिनिटांनी स्कर्ट खाली ओढत होती आणि खांद्यावर सरकणारा शर्ट वर. जगाची मापं तपासणारी बाई, आणि स्वतःची ठाऊक नाहीत! मधलीनं सरळ टेप घेतली आणि तिला मोजलं. छाती चौतीस, कंबर तेहतीस, सीट एक्केचाळीस. तक्त्यात बघितलं. वरून एस, खालून एक्सएल, आणि मधे कुठेतरी.

"म्हणजे मी तीन बायका आहे?" तपासनीसबाई म्हणाल्या, आणि त्या गंभीर बाईला जे हसू फुटलं ते थांबेचना. "मी कॉलेजपासून एम घालतेय हो! मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुमचं काही चुकत नाही. सगळ्यात मोठ्या आकड्याला बसेल तो घ्यायचा आणि बाकीचा आत घ्यायचा," मधली म्हणाली. हे आपल्याला माहीत आहे, हे तिला बोलल्यावरच कळलं.

मग कुणी कुणाला आवरायचं? खोलीत होत्या नव्हत्या तेवढ्या टेपा बाहेर आल्या. बायका एकमेकींना मोजू लागल्या, आकडे ओरडू लागल्या, दुसरीचा आकडा ऐकून हसता हसता स्वतःचा विसरू लागल्या. कुणाची छाती एम तर कंबर एल, कुणाची कंबर एम तर सीट मालगाडीच्या डब्याइतकी, असं तीच ओरडून सांगत होती. मालकीणबाईंनी आपला आकडा मधलीच्या कानात सांगितला आणि तिनं तो जाहीर केला नाही. चाळीसही जणी मोजून झाल्या. तिन्ही ठिकाणी तक्त्यातली एम असलेली बाई एकही निघाली नाही. एकही! हसण्याचा भर ओसरला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की काम हातचं चाललं.

मधलीची नजर खोलीभर फिरली आणि खिडकीपाशी थांबली. मास्तर तिथेच उभे होते, काटकुळे, बेतशीर पोटाचे.

"मास्तर," ती म्हणाली, "हात वर करा."

"का?"

"करा."

कंबर तीस. सीट अडतीस. खोलीत श्वास रोखले गेले. छाती... चौतीस. "हात्तिच्या!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

काजवालीनं कापणीच्या टेबलाखालच्या चिंध्या उचलल्या, त्यांच्या दोन छान घड्या केल्या आणि वर धरल्या. "दोन इंच ना? हे घ्या."

"मी सत्तरीचा माणूस आहे!" मास्तर ओरडले.

"तेच तर! सत्तरीत असं माप राखलंय, कुणाचं आहे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्यांनी तपासनीसबाईंकडे पाहिलं. त्यांनी फाइल उघडून नियम वाचला, डोळे पुसत पुसत. "इथे लिहिलंय, 'जिवंत व्यक्ती, मापं तक्त्याप्रमाणे.' बाई हवी असं लिहिलेलं नाही."

"पण चिंध्या?" मास्तर शेवटची काडी धरत म्हणाले.

"बायका काय वेगळं करतात?" तपासनीसबाई म्हणाल्या.

पाच मिनिटांनी पडद्यामागून मास्तर बाहेर आले. निळा ड्रेस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मिशा थरथरत होत्या. ड्रेस असा बसला होता, की पंचेचाळीस वर्षांच्या त्यांच्या कारकिर्दीत तसा कुणालाच बसला नसेल. हसून हसून बायका जमिनीवर बसल्या. मास्तर चप्पल काढून, मोठ्या दुःखानं, स्टुलावर चढले.

"खांद्यावर पाव इंच उचलतोय," तपासनीसबाई म्हणाल्या. "टाचणी कोण लावणार?"

मास्तरांचा हात सवयीनं टाचण्यांच्या उशीकडे गेला, पण स्वतःच्या खांद्यामागे पोचेना. मग मधली पुढे झाली. अकरा वर्षं ती त्या टाचण्यांच्या आत उभी होती. बाही कुठे धरते, हात वर केला की पाठ कुठे ओढते, बसल्यावर कंबर कुठे काचते, हे सगळं तिच्या अंगाला पाठ होतं. तिनं एक टाचणी ओठांत धरली, एक बोटांत, आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले. स्टूल खालून कसं दिसतं, ते तिनं आज प्रथमच पाहिलं. चांगलं दिसत होतं.

"हात वर करा. आता पुढे. आता खुर्चीवर बसल्यासारखं करा. काखेत माया कमी सोडलीत, मास्तर."

तपासनीसबाई लिहून घेऊ लागल्या. चौथ्या टाचणीला त्यांनी सही केली, सातव्या टाचणीला विचारलं, "उरलेल्या मापांचे नमुने तुम्हीच लावाल ना?" आणि मधलीनं तोंडात टाचणी असल्यामुळे नुसती मान हलवली. मालकीणबाई मागून म्हणाल्या, की आपल्या दुकानातले कपडे आहेत तसेच राहू देत, बायकांना तेच बसतात, पण लेबलवर यापुढे तीन आकडे घालायचे, अक्षर नाही. यावर काजवाली म्हणाली, "आकडे आतल्या बाजूला घाला, एवढं करा."

मधली स्टुलाशी वाकली होती. मास्तरांच्या डाव्या काखेत शेवटची टाचणी लावून तिनं विचारलं, "टोचत नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले.

तिनं वर बघितलं. तो 'नाही' तिच्या चांगल्या ओळखीचा होता. दर गुरुवारी तो तिनंच म्हटला होता.

"खरं सांगा."

मास्तरांनी खांदा आक्रसला. मग म्हणाले, "टोचतंय. मघापासून."

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

"आणि तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत, की मी वाढलेय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी मास्तरांच्या मिशा हलल्या, मग चिंध्या हलल्या, मग मधलीला राहवेना. तिनं टाचणी काढली, पाव इंच पुढे लावली, आणि तरी हसतच राहिली. हसता हसता तिच्या मनात धाकटीला लिहायची चिठ्ठी तयार होत होती: ड्रेस परत पाठवतेय, शिवण उसवलीय, रागावू नकोस, रंग हाच हवा, एक्केचाळीस, छत्तीस, त्रेचाळीस. स्टूल डुगडुगायला लागलं, तेव्हा तपासनीसबाई फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, "हलू नका."